वेंडेल ट्रास्कचं मत

वेंडेल ट्रास्कला राजकारणातलं सगळं कळतं, हे आमच्या पालो ब्लांको शहरात पहिल्यांदा कुणी म्हटलं असेल तर ते स्वतः वेंडेलनेच. बाकीच्यांनी नंतर माना डोलावल्या, कारण उन्हात उभं राहून त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा ते सोपं होतं.

तसा माणूस वाईट नाही. आयुष्यभर लोकांच्या छपरांवर चढून एसी दुरुस्त केले, गुडघे गेले तसा खाली उतरला आणि रिकामपणी शहराच्या मागे लागला. शहर म्हणायला मोठं, पाचेक लाख वस्तीचं. पण जिकडे बघावं तिकडे बैठी घरं, गॅरेजं आणि सहापदरी रस्ते. कौन्सिलच्या सभेला दहा-पंधरा माणसं आली तरी दारावरचा रखवालदार दचकतो. त्या दहा-पंधरांत वेंडेल कायमचा. नागरिकांना बोलायला तीन मिनिटं देतात. हा माइकसमोर जायचा, पोटावरचा पट्टा वर ओढायचा आणि गर्जायचा, "वेंडेल ट्रास्क, करदाता आणि मतदार!" मग कचऱ्याचे डबे, पाण्याचे दर, महापौरबाईंच्या दालनातला नवा गालिचा. लाल दिवा लागायचा, वेंडेलचं वाक्य चालूच.

यातला करदाता खरा होता. मतदार मात्र साफ खोटा.

मतदारयादीत वेंडेलचं नाव कधी नव्हतंच. तरुणपणी कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं की यादीत नाव घातलं की कोर्टाचं बोलावणं येतं, ज्युरीत बसावं लागतं, आणि ऐन उन्हाळ्यात, लोकांचे एसी धडाधड बंद पडत असताना, दिवसभर कुणाच्या तरी भांडणाचा निकाल लावत बसायचं. त्याचं काम रोजंदारीचं. त्याने नाव घातलं नाही. गंमत अशी की ज्युरीचं बोलावणं यायचं ते आलंच, ड्रायव्हिंग लायसन्सवरून आलं. मार्लिस, त्याची बायको, त्या दिवशी ओट्याला टेकून इतकी हसली की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"झालं ना समाधान? आता तरी नाव घाल."

"घालतो गं, घालतो."

पण तोवर त्याची गल्लीत ख्याती झाली होती. निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात लोक त्याला विचारायला यायचे, मतपत्रिकेवरच्या पाण्याच्या ठरावाचं काय करू, शाळेच्या कर्जाचं काय करू. असल्या माणसाने कुठे जाऊन म्हणायचं, की माझं नाव पहिल्यांदाच घालायचंय? लाज वाटून त्याने ते पुढे ढकललं, आणि पुढे ढकललं म्हणून आणखी लाज वाटू लागली. दर निवडणुकीला मार्लिसच्या, टपालाने घरी येणाऱ्या मतपत्रिकेच्या पाकिटातून एक गोल स्टिकर निघायचं, 'मी मत दिलं' असं लिहिलेलं. ते वेंडेलच्या टोपीवर लागायचं.

"काढ ते. माझं आहे," मार्लिस म्हणायची.

"नवरा-बायकोचं एकच असतं."

"मग भांडी पण एकत्रच घासू या का?"

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि रोझाल्बा बरेदा कौन्सिलच्या निवडणुकीला उभी राहिली.

रोझाल्बा समोरच्या घरातली. शाळेच्या बसगाड्या कुठून कुठे जायच्या हे वायरलेसवरून ओरडून सांगण्यात तिचा जन्म गेला, त्यामुळे तिला हळू बोलताच येत नाही. तिचं मागणं एकच होतं. आमच्या वस्तीजवळच्या डोब्सन रस्त्याच्या एका अंगाला म्हाताऱ्यांची चाकांवरच्या घरांची वस्ती, दुसऱ्या अंगाला किराण्याचं दुकान, मध्ये सहा पदर, आणि जवळपास सिग्नल नाही. म्हातारी माणसं दुधाची कॅन घेऊन मधल्या दुभाजकावर अडकून पडायची, बगळ्यासारखी. तिने कौन्सिलकडे कितीदा तरी सिग्नल मागितला. उत्तर एकच, अभ्यास चालू आहे.

"अभ्यास करून यांना काय डॉक्टर व्हायचंय?" ती म्हणाली आणि उभी राहिली. समोर टॉड हावरकँप, पोहण्याचे तलाव बांधणारा, दात पांढरेशुभ्र, माणूस गोड.

प्रचारप्रमुख कोण? प्रश्नच नव्हता.

वेंडेलने जीव तोडून काम केलं, हे त्याच्या वैऱ्यानेही मान्य करावं. कोपऱ्याकोपऱ्यावर पाट्या ठोकल्या. गुडघ्यांना पट्टे बांधून दारोदार हिंडला. एवढंच काय, किराण्याच्या दुकानासमोर टेबल टाकून त्याने नवीन मतदारांची नावं नोंदवली. "नाव नाही यादीत? लाज वाटायला हवी," असं तो पोरासोरांना खडसवायचा. टेबलावर कोऱ्या अर्जांचा गठ्ठा त्याच्या कोपरापाशीच. एक उचलून लिहिला असता तर काम झालं असतं. पण शेजारच्या खुर्चीवर रोझाल्बा कायम, कलिंगडाच्या फोडी घेऊन. ती उठेल तेव्हा लिहू, असं म्हणता म्हणता नोंदणीची मुदत टळली. त्या संध्याकाळी तो टेबल ट्रकमध्ये चढवत होता आणि रोझाल्बा म्हणाली, "काय रे, तोंड का उतरलंय? एवढी नावं नोंदवलीस!"

"ऊन लागलं," वेंडेल म्हणाला.

निकाल लागला, आणि आमच्या प्रभागात रोझाल्बा आणि हावरकँप यांची मतं अगदी समसमान निघाली. पुन्हा मोजली. पुन्हा समान.

त्या रविवारी रोझाल्बाच्या अंगणात गल्ली जमली. रोझाल्बाचा नवरा बेटो शेगडीवर मांस भाजत होता. तो चिमटा हवेत उगारून म्हणाला, "एक मत! एकच! आपल्यातला कोण गाढव घरी झोपला होता, एवढंच मला सांगा."

सगळे हसले. वेंडेल जरा जास्तच मोठ्याने हसला. मार्लिस कोशिंबिरीत काहीतरी शोधू लागली.

तेवढ्यात कोपऱ्यातून ड्वेन ओल्मस्टेड म्हणाला, "बहुतेक मीच."

ड्वेन तिशीतला, लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, महिन्यातले वीस दिवस घराबाहेर. बोलणं कमी, नम्रपणा फार. मतपत्रिका त्याने भरली होती, पण पाकीट ट्रकमध्येच राहिलं, आणि लक्षात आल्यावर ओहायोतल्या कुठल्या तरी पेट्रोलपंपावरून टपालात टाकलं ते इथे मुदत टळल्यावर पोचलं. न सांगता राहिला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. पण त्याने सांगितलं.

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. आणि त्या आपल्याकडे वळायच्या आत वेंडेल उठला.

"राहिलं? राहिलं म्हणजे काय? जेवायचं राहतं का तुझं? ही बाई उन्हातान्हात हिंडली, त्या म्हाताऱ्यांना रस्ता ओलांडता यावा म्हणून, आणि तुझं पाकीट राहिलं! अरे, असल्या माणसांमुळेच हे शहर असं आहे. निष्काळजी! तुला काय, तू चार दिवस इथे आणि बाकी हायवेवर."

"तुमचं बरोबर आहे, मिस्टर ट्रास्क," ड्वेन म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"वेंडेल, पुरे," रोझाल्बा म्हणाली.

"पुरे कसं? बोलायला नको कुणी?"

ड्वेनने ताटली तशीच ठेवली, रोझाल्बाची माफी मागितली आणि घरी गेला. घरी येताना मार्लिस वेंडेलच्या चार पावलं पुढे चालत होती. दार उघडताना ती एवढंच म्हणाली, "मला तुझ्याशी लग्न करून इतकी वर्षं झाली, पण आजच्याइतकी लाज मला कधी वाटली नव्हती." आणि त्याची टोपी खुंटीवरून काढून तिने आपल्या हाताने ते स्टिकर खरवडलं.

मतं समान झाली की आमच्या राज्यात नशिबावर सोडतात, आणि पालो ब्लांकोत नशीब म्हणजे पत्त्यांचा कोरा जोड. ज्याचं पान मोठं, त्याची खुर्ची. बाहेरच्या माणसांना हसू येतं. आम्ही ते असंच करत आलोय.

कौन्सिलचं सभागृह त्या दिवशी भरलं. रखवालदार भांबावून गेला होता. बेटो बायकोच्या कानाशी म्हणाला, "अगं, घरी पत्त्यांत तर तू सगळ्यांना लुटतेस. तसंच ओढ."

"घरी मी लबाडी करते," रोझाल्बा कुजबुजली, तरी मागच्या रांगेला ऐकू गेलं आणि हशा पिकला.

वेंडेल पहिल्या रांगेत होता. हसला नाही. नगरसचिवबाईंनी जोडाचं वेष्टन फाडलं, पानं पिसली, टेबलावर पंख्यासारखी पसरली.  त्याला सारखं वाटत होतं की या बाई मान वर करून विचारतील, इथे कुणी मत द्यायचं राहिलंय का?

हावरकँपने ओढलं. इस्पिकचा पंजा. लोकांत एकदम उसासा. पंजा! पंज्याला हरवायला काय लागतं? वेंडेलने डोळे मिटले. देवा, त्याने मनात म्हटलं, एवढं एक कर, मग मी सगळं नीट करतो.

रोझाल्बाने ओढलं. किलवरची तिर्री.

तिने पान उलटसुलट करून पाहिलं, मागच्या बाजूला काही वेगळं असेल म्हणून जणू. मग हावरकँपचा हात धरून हलवला. त्यालाही धड आनंद करता येईना.

"म्हाताऱ्यांना सिग्नल दे," ती म्हणाली.

"बघू या आपण. अभ्यास चालू आहे," तो म्हणाला.

बाहेर पार्किंगमध्ये लोक तिला मिठ्या मारत होते. आणि ती प्रत्येकाला वेंडेलकडे बोट दाखवून सांगत होती, "या माणसाने जिवाचं रान केलं हं. माझ्या सख्ख्या भावाने केलं नसतं." लोक येऊन त्याची पाठ थोपटत होते. प्रत्येक थापेगणिक तो थोडा खाली जात होता.

गर्दी ओसरल्यावर ड्वेन आला. मिशिगनहून दोन दिवस गाडी हाकून आला होता, दाढी वाढलेली. टोपी हातात घेऊन रोझाल्बासमोर उभा राहिला. "मिसेस बरेदा, माझ्यामुळे झालं. माझी आई सांगायची मला, की—"  एवढा आडदांड माणूस, टोपीत तोंड घालून रडला. रोझाल्बाने त्याचा दंड दाबला, म्हणाली, घरी ये, पोझोलेचा रस्सा केलाय, खाऊन जा. तो मान हलवून निघून गेला.

रोझाल्बा वेंडेलच्या ट्रकमधून आली होती, तशीच परत निघाली. डोब्सन रस्ता लागला. दुभाजकावर एक म्हातारी ढकलगाडी धरून उभी होती.

"मी मत दिलं नाही," वेंडेल म्हणाला.

"काय?"

"मी. माझं नावच नाही यादीत. कधीच नव्हतं."

 ज्या बाईला हळू बोलता येत नाही, ती गप्प बसली की गाडीत काय होतं, ते वेंडेललाच माहीत. दोन चौक मागे पडले.

"मी दारोदार विचारत फिरले," शेवटी ती म्हणाली. "यादीत नाव आहे ना, मत टाकलंत ना. अनोळखी लोकांना, कुत्री अंगावर घेऊन. एक तुला नाही विचारलं." ती खिडकीबाहेर बघत होती. "आणि तू त्या पोराला बोललास."

"रोझाल्बा, मला—"

"माझी माफी नको मागूस. माझं व्हायचं ते झालं. त्याच्याकडे जा."

ड्वेन आपल्या घरापुढे ट्रकच्या पायरीवर बसला होता. वेंडेल समोर उभा राहिला. तीन मिनिटं बोलून ज्याचं कधी भागलं नाही, त्याला दोन वाक्यांच्या पुढे काही सापडेना. सांगून झालं तेव्हा ड्वेनने टायरवरची नजर वर उचलली.

"म्हणजे माझ्या पाकिटावर तुम्ही तेवढे ओरडलात, तेव्हा तुमचं पाकीट आलंच नव्हतं."

"नव्हतं."

"सगळ्यांसमोर बोललात, मिस्टर ट्रास्क."

"हो."

"मग हेही सगळ्यांसमोर सांगा." आवाज चढला नव्हता. तो उठला आणि वाट बघत उभा राहिला.

दोघं रस्ता ओलांडून गेले. रोझाल्बाच्या अंगणात सगळी गल्ली होती. पोझोलेचं पातेलं, घड्या उघडून मांडलेल्या खुर्च्या, झाडावर नाताळचे दिवे. वेंडेल फाटकातून आत आला तसा बेटो ओरडला, "आले! प्रचारप्रमुख आले!" आणि टाळ्या सुरू झाल्या. म्हाताऱ्यांच्या वस्तीतून आलेली माणसं बसल्या जागेवरून टाळ्या वाजवत होती. कुणी शिट्टी मारली. रोझाल्बा पातेल्यापाशी डाव हातात धरून उभी होती. तिने टाळी वाजवली नाही. मार्लिस खुर्ची मागे सारून उठली आणि त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

वेंडेलने बोलायला हात वर केला. लोकांना वाटलं, तो लाजतोय. त्यांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. त्या थांबायची वाट बघत तो हात वर धरून तसाच उभा राहिला.