जाळीतला नवरदेव

खोली भाड्यानं घेताना माणूस पाणी पाहतो, संडास पाहतो, मालकाचा स्वभाव पाहतो. मी समोरचा वाघ पाहिला. नागपुरातल्या प्राणिसंग्रहालयाच्या फाटकासमोर एक दुमजली घर होतं, त्याचा वरचा मजला मला मिळाला. दोन खोल्या आणि रस्त्यावर उघडणारी गॅलरी. अड्याळहून आलेल्या कारकुनाला आणखी काय पाहिजे? सणावाराला गावी गेलो की चार माणसांत सांगायचो, आपल्या फ्लॅटसमोर बाग आहे. दुपारी वाघाचा वास जेवायला येऊन बसतो, एवढं सांगायचं राहून जायचं.

गॅलरीला मालकानं खालपासून वरपर्यंत लोखंडी जाळी ठोकली होती. बागेत पिंजऱ्यातली माकडं होती तशी झाडांवरची मोकळी वांदरंही होती, आणि लोकांच्या शेंगांनी पोट भरलं नाही की ती आमच्या घरांकडे वळत. जाळीच्या कोपऱ्यात एक फट होती. तिच्यातून एकदा वांदराचं पिल्लू शिरलं आणि खोलीतून माझी साबणाची वडी घेऊन गेलं. गॅलरीचं दार लावायचं मला कधीच आठवत नसे, म्हणून मी स्वतः हातोडी घेऊन दाराला आतून अशी कडी बसवली की दार लोटलं की ती आपोआप पडावी. या कडीवर मी इतका खूश होतो की आल्यागेल्याला ती दोनदोनदा पाडून दाखवायचो.

त्याच सुमारास लाखांदूरकडची एक मुलगी पाहून आलो होतो. आधीच्या दोन ठिकाणी बोलणी माझ्या बडबडीनं मोडली होती, म्हणून आईनं या वेळी तोंड बंद ठेवायची शपथ घातली होती. मी तोंड बंद ठेवलं आणि चहा सांडला, थेट मुलीच्या वडिलांच्या धोतरावर. ती आतून फडकं घेऊन आली, ते वडिलांच्या हातात दिलं, आणि कोणी काही बोलायच्या आत माझ्यापुढे दुसरा कप ठेवून गेली. हसली नाही. मला तेवढं पुरलं. लग्न झालं तर हिच्याशी, नाहीतर राहू दे, असं मी परतीच्या एसटीत ठरवून टाकलं. आता तिच्याकडच्यांनी माझं घर पाहून जायचं तेवढं बाकी होतं.

ते एका रविवारी दुपारच्या गाडीनं येणार होते. सकाळी उठून मी पोहे करून झाकून ठेवले, ताटात केळी मांडली, पुढच्या दाराला कडी घालून आंघोळ केली, आणि एकुलता एक टेरेलीनचा शर्ट धुऊन टॉवेलवरच गॅलरीत वाळत घालायला गेलो. वाऱ्यानं दार लोटलं. कडी पडली. आवाज अगदी नेहमीसारखा सुरेख.

दाराच्या फटीतून कडी दिसत होती, बोट जात नव्हतं. त्याच फटीतून दिसलं की स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक दांडगं वांदर आत उतरलं आहे. ती खिडकी माझ्या बंदोबस्तात नव्हती. त्यानं आधी केळी संपवली. मग पोह्यांवरचं झाकण काढलं. मी दारावर धपाधप हात मारले. त्यानं एकदा दाराकडे पाहिलं आणि भांडं घेऊन माझ्या खाटेवर जाऊन बसलं.

खाली रविवारची गर्दी होती. एक हाक मारली असती तर कोणीही मालकाला उठवलं असतं. पण टॉवेलवर हाक मारायची कशी, हे ठरवता ठरवता फाटकाजवळच्या शेंगावाल्यापाशी दोन ओळखीचे चेहरे दिसले. मुलीचे वडील आणि मामा. सकाळच्याच गाडीनं आले होते. मी चटकन शर्टाआड बसलो.

मामांनी छत्री माझ्याकडे रोखली आणि म्हणाले, "इथं त मानसं बी जाळीत ठेवून राहिले."

दोघं रस्ता ओलांडून जिना चढले. जिना गॅलरीला लागूनच होता, मधे एक भिंत. दारावर थाप पडली. आत वांदर दचकलं, आणि पेले फरशीवर गडगडले.

"अंदर कोनीतरी हाय," मामा म्हणाले.

"मंग उघडत काहून नाही?" हे वडील.

पुन्हा पेल्यांची किणकिण. मामांनी आवाज दबका केला. "पोरगा एकटाच रायते म्हनत होते ना? हे त बांगड्यावानी वाजून राहिलं."

मग जिना उतरणाऱ्या वहाणा ऐकू आल्या. संध्याकाळी ही बातमी लाखांदूरला पोचणार होती, आणि तिथून अड्याळला आईच्या कानावर. ती मुलगी माझ्यासाठी कायमची गेली होती. मी ओला शर्ट अंगात घातला, टॉवेलची गाठ धरली आणि जाळीला तोंड लावून ओरडलो, "मामाजी, मी इकडं आहो. घरात वांदर हाय."

दोघांनी वर पाहिलं. दोघांबरोबर अख्ख्या रस्त्यानं पाहिलं.

"वांदर घरात," मामांनी खात्री करून घेतली, "आन् तुमी जाळीत."

"हो जी."

घरमालक बाहेर आले. दार फोडा म्हटल्यावर त्यांनी साफ नकार दिला. "दार सागवानी हाय. मानूस थांबू शकते," म्हणाले आणि मिस्त्री शोधायला निघून गेले.

मिस्त्री मिळेपर्यंत रिकामं कशाला बसायचं, म्हणून मामांनी रस्त्यावरूनच मुलगा पाहायला सुरुवात केली. नोकरी पक्की आहे का, गावी धानाची जमीन किती, पानतंबाखूची सवय आहे का. मी वरून टॉवेल सावरत उत्तरं देत होतो, आणि ऐकायला गर्दी वाढत होती. गर्दीतून कोणीतरी एक शेंग भिरकावली. ती जाळीतून येऊन पायाशी पडली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी ती उचलली, सोलली आणि खाल्ली. रस्ता हसला.

वडील हसले नाहीत. इतका वेळ ते जाळीकडेच पाहत होते.

"आमची पोरगी दिवसभर धानाच्या बांधीत रायते, तळ्यावर जाते," ते म्हणाले. "तुमी हापिसात गेल्यावर तिनं इथंच बसावं काय?"

"कडी आजच काढून टाकतो जी."

"मी कडीचं नाही म्हनत."

बडबडीनं दोन लग्नं मोडलेला मी, आणि नेमकं बोलायचं तेव्हा दोन्ही हातांनी जाळी धरून उभा.

मिस्त्रीनं शिडी लावून जाळी कापली तेव्हा वांदर केव्हाच निघून गेलं होतं. पाहुणे वर आले नाहीत. गाडीची वेळ झाली म्हणाले आणि टपरीवर चहा घेऊन गेले. पुढे बरेच दिवस लाखांदूरकडून काही कळलं नाही. मी मात्र तो फ्लॅट सोडला आणि वस्तीच्या टोकाला, अंगण आणि पेरूचं झाड असलेली एक खालची खोली घेतली. झाडापलीकडे शेतंच होती. आईच्या हाती तेवढाच निरोप पाठवला. त्यानंतर होकार आला.

अंगणामुळेच आला, असं मी धरून चाललो होतो. लग्नानंतर तिनं पहिली मागणी केली ती तो फ्लॅट पाहायची. फाटकापाशी उभं राहून तिनं गॅलरीकडे बराच वेळ पाहिलं. तिथे कोण्या नव्या भाडेकरूची चादर वाळत होती, आणि जाळी पुन्हा शिवलेली होती.

"बाबा नाहीच म्हनत होते," ती म्हणाली. "मामा म्हनले, पोरगा गरीब हाय. लोकायनं शेंग फेकून मारली त रागावला नाही, उचलून खाल्ली. मंग मीच हो म्हनलं."

मी भुकेला होतो, हे सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिनं पुडीतली एक शेंग काढून माझ्या हातावर ठेवली आणि मी काय करतो ते पाहू लागली. मी सोलली आणि खाल्ली.