सिस्टर रामाकोन्याला गेली नव्हती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. सात वर्षं झाली. मधल्या काळात आमचं सौंसर गाव छिंदवाडा जिल्ह्यातून निघून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात गेलं, माझी शाळेतली नोकरी संपली, गुडघे कुरकुरायला लागले, आणि ही गोष्ट मात्र जिथल्या तिथे. तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. भित्र्या माणसाला तेवढं पुरतं.

माझ्या सासूबाई मोहगावच्या, आणि फार कडक. सोमवार, चतुर्थी, एकादशी — एक उपास चुकला नाही. माझ्या हातची भाजी त्यांनी तीस वर्षं खाल्ली आणि एकदाही बरी झाली म्हणाल्या नाहीत. (वांग्याची तर बरी व्हायची. असो.) साखरेच्या आजारात त्यांच्या पायाला जखम झाली, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, त्या अंथरुणाला खिळल्या. तेव्हा पट्टी बदलायला रूथ सिस्टर यायला लागली. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स, एकटी, ख्रिस्ती.

सिस्टरने आपणहून धर्माचा विषय काढला नाही, हे आधीच सांगते. सासूबाईंनीच विचारलं होतं, "तुमचा देव काय मागते वं?" सिस्टर जखम पुसत म्हणाली, "काही नाही मागत आजी. भरोसा ठेवा म्हणते फक्त." सासूबाईंनी तिला त्याचं काही वाचून दाखवायला सांगितलं. मग रोज पट्टी झाली की सिस्टर पिशवीतून बायबल काढायची आणि पान दोन पानं वाचायची. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. सासूबाई हसायच्या. तीस वर्षांत मी ते हसू पाहिलं नव्हतं.

एका दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं. "जनमभर उपास केले," म्हणाल्या, "तरी मनात राहे, काही तरी कमी पडलं, काही तरी चुकलं. हा सिस्टरचा देव म्हणते, तुह्यानं जे झालं नाही ते मी करून ठेवलं, तू माह्या शब्दावर भरोसा ठेव. मले पटलं वं. मले बाप्तिस्म्याचं पाणी घ्याचं हाये. पण घर तुहं हाये. तू हो म्हण, अन् सिस्टरले तूच सांग."

घर तुहं हाये — हेही त्या पहिल्यांदाच म्हणत होत्या.

मी म्हणाले, "हो आई. सांगते."

दुसऱ्या दिवशी सिस्टर आली, तेव्हा मी फाटकातच उभी होते. सासूबाई आत झोपल्या होत्या. मी म्हणाले — अजून ते वाक्य जिभेवर तसंच आहे — "सिस्टर, आई म्हणतात, आता येऊ नका. त्यांना ते देवाचं वगैरे नको आहे."

"आजी सोता म्हणाल्या?"

"हो."

तिने फाटकाच्या कडीवरचा हात काढला. मग म्हणाली, "ठीक आहे मॅडम. पट्टी रोज बदलजा. पाणी कोमट घ्याचं, जास्त गरम नको." आणि गेली. वाद नाही, राग नाही. मला वाद हवा होता. वाद झाला असता तर मला पुढे कुणाला तरी दोष देता आला असता.

सासूबाईंना सांगितलं की सिस्टर रामाकोन्याला भावाकडे गेली आहे, येईल. संध्याकाळी नवरा तहसिलीतून आला, त्यालाही तेच सांगितलं. एकदा खोटं बोललं की दुसऱ्यांदा फार सोपं जातं, नाही?

का केलं मी असं? माझ्याकडे कारणं तयार होती. मुलीचं लग्न पांढुर्ण्यात ठरत होतं, नावाजलेलं व्यापारी घर. मुलीची आजी ख्रिस्ती झाली म्हटल्यावर ती माणसं काय म्हणाली असती? शिवाय धर्म बदलायचा म्हणजे कागद, चौकशी, आणि मी सरकारी शाळेत बाई. सगळं खरं आहे. यातलं एकही कारण खोटं नाही.

पण खरं सांगू? — इथवर आलेच आहे तर सांगते — सिस्टरशी मी जळत होते. पथ्याचं मी केलं, चादरी मी धुतल्या, रात्री हाकेसरशी मी उठले. आणि ते हसू मिळालं कुणाला? अर्ध्या तासासाठी येणाऱ्या बाईला. तिने काही कमावलं नव्हतं, तरी तिला मिळालं. मला ते सहन झालं नाही. लग्नाची भीती नंतर सुचली.

सासूबाई वाट पाहत राहिल्या. फाटक वाजलं की मान वळवायच्या. भाजीवाली असायची, गॅसवाला असायचा. "येईन म्हणाली ना? मंग येईल," म्हणायच्या. मी त्यांच्या पायाची पट्टी बदलत असायची, कोमट पाण्याने, सिस्टरने सांगितलं तशी. अकरा दिवस.

बाराव्या दिवशी सकाळी श्वास बदलला. मोहगावहून दीर-जावा आल्या, खोली भरली. आमच्यात शेवटी तोंडात गंगाजल आणि तुळशीचं पान देतात. तांब्याची लोटी माझ्या हातात दिली गेली, मोठी सून म्हणून. मी वाकले. त्यांनी मला हाताने ओळखलं, दिसत तर नव्हतंच.

"सिस्टर आली का वं?"

"नाही आई."

त्यांनी हात उचलून स्वतःच्या कपाळाला लावला. "मंग तूच टाक. इथं."

जाऊ म्हणाली, वहिनी, ताप डोक्यात गेला त्यांच्या. मला माहीत होतं ताप नव्हता. सिस्टर एकदा त्यांना सांगत होती, ते मी आतून ऐकलं होतं — वेळ आली तर घरचं कुणीही कपाळावर बाप्तिस्म्याचं पाणी घालू शकते, पाद्रीच पाहिजे असं नाही. लोटीत पाणी होतं. तोंड आणि कपाळ यांत अंतर ते किती? वीतभरही नाही. मी सगळ्यांकडे पाहिलं. मग पाणी तोंडात घातलं, पान ठेवलं.

त्यांनी ते गिळलं. हात माझ्या मनगटावर तसाच होता. फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाल्या, "असू दे. भिऊ नको. पाणी नाही भेटलं तरी त्याचा शब्द हाये."

मी रडले, ते सगळ्यांना सुनेचं रडणं वाटलं. मोहगावकडची माणसं अजून सांगतात, सून असावी तर अशी. मुलीचं लग्न थाटात झालं.

सिस्टर अजून सौंसरलाच आहे. मंगळवारच्या बाजारात भेटते, आता काठी घेऊन चालते. तिने कधी विषय काढला नव्हता. मागच्या महिन्यात संत्र्यांच्या ढिगापाशी थांबली आणि म्हणाली, "मॅडम, आजीसाठी मी अजून प्रार्थना करून रायली. शेवटी शेवटी त्यांचा भरोसा सुटला ना, तेच मले लागून रायते. माह्याच सांगण्यात काही कमी पडलं असन."

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. म्हणाले, "संत्री यंदा आंबटच आहेत, सिस्टर."

ती हो म्हणाली, आणि त्यातलीच दोन चांगली निवडून माझ्या पिशवीत टाकली.