बायकोचा रंग

बायको गेली तेव्हा पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात ठेवायला तिचा फोटो मोठा करायला दिला. स्टुडिओवाल्याने न विचारता तिला गोरी करून टाकली. आलेगेले म्हणाले, "काय तेज आहे चेहऱ्यावर!" मी म्हटलं, तेज कसलं, पावडर फासलीय. पण वर्षभर रोज तोच फोटो बघून माझीच वाट लागली. तिचा खरा रंग आठवेना. जुन्या फोटोंत बघावं तर एकात ती लाल, एकात काळीठिक्कर.

मी मरोळच्या कारखान्यात रंगकाम केलं. लोखंडी कपाटं, मशीनचे पत्रे. गिऱ्हाईक नखाएवढा तुकडा आणायचं आणि मी नुसत्या नजरेने तसाच रंग कालवून द्यायचो. शाळा चौथीपर्यंतच, पण त्या कामात कोणी हरवलं नाही मला. म्हणून वाटलं, हिचं चित्र आपणच रंगवावं. घाटकोपरला आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये एक बाई ऑइल पेंटिंग शिकवतात. लेकीने तिथे नाव घातलं.

बाई म्हणाल्या, "काका, आधी नक्कल करा. हात बसू दे." समोर एक छापील चित्र ठेवलं. भर दुपारी बांधावर, झाडाखाली, एक मजूर बाई भाकरीचं फडकं सोडून बसलेली. चेहरा सावलीत, एका हातावर ऊन.

मी माझ्या पद्धतीने आधी अंगाचा रंग कालवला. एकदम वाटीभर. मध्येच संपला तर दुसऱ्या खेपेला शेड बदलते, हे मला पक्कं ठाऊक. तोंड, हात, पाय, सगळीकडे एकसारखा मारला. ब्रशची एक रेघ दिसू दिली नाही.

बाई चित्राजवळ वाकल्या. "काका, हिला हँडल कुठे लावणार?"

सगळा वर्ग हसला. मीही हसलो, पण चुकलं काय ते मला कळलं नव्हतं.

मग त्यांनी पुठ्ठ्याला बारीक भोक पाडून दिलं. "यातून चित्राचा एकेक तुकडा बघा. ही बाई आहे हे विसरा." बघतो तर गालावर हिरवट. हनुवटीखाली जांभळं. उन्हातल्या मनगटावर जवळजवळ पांढरं.

"माणसाचं तोंड हिरवं असतं होय?"

"पानांतून उजेड येतोय ना, काका."

"मग हिचा खरा रंग कुठला?"

"हा सगळाच."

"सगळा कसा? माणसाला एक रंग असतो."

"पत्र्याला असतो," बाई म्हणाल्या.

मला राग आला. बाईंचा नाही, माझाच. इतकी वर्षं एका खोलीत काढली आणि बायको कुठल्या रंगाची होती ते सांगता येईना. सकाळी दारात तांदूळ निवडायची ती वेगळी. ट्यूबलाइटखाली भाकरी थापायची ती वेगळी. यातली कुठली धरू? आणि एक धरली तर बाकीच्यांचं काय?

लेक आईच्या रंगावर गेलीय असं सगळे म्हणतात. रविवारी ती गॅलरीत वाटाणे सोलत बसली होती. मी रंग कालवून पत्र्याच्या पट्टीवर घेतला आणि तिच्या मनगटाला लावून धरला. हुबेहूब! कुठे संपतो ते दिसेना.

"जमलं गं! हाच आईचा रंग!"

"बघू," म्हणून ती वाकली आणि हात मांडीत सावलीला गेला. तेच मनगट एकदम काळपट निळं झालं. पट्टीवरचा रंग कोणा परक्या माणसाचा दिसायला लागला.

"हलू नको ना!"

"बाबा, मग वाटाणे तुम्ही सोलणार का?"

मी पट्टी फडक्याने पुसली आणि निळी ट्यूब उघडली. कारखान्यात असताना कोणी बायकोच्या अंगाच्या रंगात निळा घालायला सांगितला असता, तर त्याला शिवी दिली असती. थेंबभर पिळला. जास्त वाटला. पुसला. मग कमी वाटला.