दात बघून सुटका

तुरुंगाच्या अंगणात देशमुखानं माझ्या तोंडात बोटं घातली. दात बघितले. मंग दंड दाबला. हसनाबादच्या बाजारात बैल घेताना बघत्यात, बराबर तसं.

"हा चालंल," तो जमादाराला म्हणला.

माझ्या थुंकीनं ओली झालेली बोटं त्यानं माझ्याच डोक्याला पुसली.

निजामाचं राज होतं. आम्ही धनगर. त्या साली पाऊसच न्हाई. मेंढरं मरून राह्यल्ती, म्हणून देशमुखाच्या कुरणात घातली. गवत खाल्लं मेंढरांनी, सजा झाली मला.

तुरुंग गच्च. निम्मे आडवे व्हायचे तव्हा निम्मे उभे. केदारखेड्याचा एक म्हातारा, ओलं लाकूड तोडलं म्हणून आल्ता. माझ्या खांद्याला टेकून उभ्याउभ्याच मेला. पडायला जागा न्हवती. मला वाटलं, डोळा लागला.

मंग वरून हुकूम आला. ज्यांनी खून-दरोडा केला न्हाई त्यांना सजा सरायच्या आधी सोडा, जागा करा. आम्ही आनंदानं रडलो. मी तर मनानं घरी बी गेल्तो.

पण सुटायला मोठ्या माणसाची हमी पाहिजे. आमची हमी घ्यायला कोण आलं? ज्यानं आत घातलं तोच. तो ज्याला सोडवील त्यानं त्याच्या शेतावर फुकट राबायचं. कव्हापर्यंत? तो म्हणंल तव्हापर्यंत.

"बायकोला बी आण. गोठ्याला बाई पाहिजे," देशमुख म्हणला. "आता पाय धर. म्हण, मालक, मी तुमचा बैल."

माझ्या आधीचा म्हणला होता. फाटक उघडं होतं. बाहेरचा रस्ता दिसत होता. एवढंच म्हणायचं होतं. जीभ उचलली न्हाई.

"न्हाई म्हणत," मी म्हणलो. "सरकारनं दिली ती सजा भोगीन. तुमच्या गोठ्याची सजा मला कुणी दिली न्हाई."

जमादारानं काठीनं पाठ फोडली. देशमुख हसला. "राहू द्या. कुजू द्या."

आत गेलो तर कैद्यांनीच शिव्या दिल्या. मी सुटलो असतो तर एकाला पाय पसरता आले असते. एक जण तोंडावर थुंकला.

पुरी सजा भोगून गावी आलो. झोपडीला दार न्हवतं. मेंढवाड्यात मेंढरं न्हवती. शेजारीण म्हणली, "तुझ्या बायकोला देशमुखाच्या माणसांनी वढून नेलं. गोठ्यात हाय."

भर दुपारी गेलो. ती शेण भरून राह्यली होती. हाड न् हाड दिसत होतं. मला बघून उठली न्हाई, रडली बी न्हाई. मी तिच्या हातातली पाटी घेतली अन् खाली टाकली.

"चल."

"कुठं?"

"ठावं न्हाई. हितं न्हाई."

देशमुखाचा गडी काठी घेऊन आडवा आला. "मालकाला इचारलं का?"

"न्हाई इचारलं," मी म्हणलो. "आता मेलो तरी इचारणार न्हाई."