म्हशीची लस

आज गोठ्यात जनावरांच्या डॉक्टरांनी लाळ-खुरकताच्या लसीचा बर्फाचा डबा उघडला आणि चार वर्षांपूर्वीची अशीच एक सकाळ आठवली. फौजेतून सुभेदार होऊन आलेले, सत्तरी ओलांडलेले वडील तेव्हा म्हशीची शिंगं धरून उभे होते. सुई टोचून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "आबा, साखर हाय तुमाला. तुमीबी कराडला जाऊन फ्लूची आन न्युमोनियाची लस घ्या." आबांनी बाही वर सारून दंडावरचा जुना वण दाखवला. "फौजेत टोचून घेतलंय सगळं. ती सुई मरस्तोवर चालती!" गोठ्यातले सगळे हसले, मीही हसलो. तसं नसतं हे मला चांगलं ठाऊक होतं, पण उसाला तोड आली होती, म्हणालो, "तोड झाली की नेतो." तोड संपायच्या आत, पौषातल्या धुक्यात, कराडच्या दवाखान्यात न्यावं लागलं ते धापा टाकणाऱ्या आबांना. छातीचा फोटो उजेडाकडे धरून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "न्युमोनियाची लस दिली होती का यांना?" लस दिली असती तर वाचलेच असते, असं त्या म्हणाल्या नाहीत. नसतेच वाचले, असंही कुणी आजवर म्हणालेलं नाही. ती म्हैस अजून दावणीला आहे. आज तिच्या कानातला पिवळा बिल्ला वाचत डॉक्टरांनी विचारलं, "हिची लस कवा चुकली न्हाई न्हवं?" "न्हाई," मी म्हणालो, "एकदाबी न्हाई."