शेठचा भाऊ झाला

आमच्या आर्णीत दुकानदाराला शेठ म्हणतात आणि पुढाऱ्याला भाऊ. गल्ल्यावर बसला की कोणीही शेठ होतो; भाऊ व्हायला लोक लागतात. मला भाऊ व्हायचं होतं. पण जन्मभर शाळेत इतिहास शिकवल्यामुळे मी सर होतो, आणि सर हे एकदा चिकटलं की सरणापर्यंत सुटत नाही.

संध्याकाळी मी मित्राच्या बी-बियाण्यांच्या दुकानात बसायचो. तिथेच त्याला माझ्या आवडत्या अमेरिकन माणसाची गोष्ट सांगितली. दीडशे वर्षांपूर्वीचा लाकडाचा व्यापारी. त्याने वखारीपुढे बाक टाकला, येईल त्याला कॉफी पाजली, गाऱ्हाणी ऐकली. त्या बाकावरून तो आधी नगराध्यक्ष झाला, मग थेट राजधानीत गेला.

"रिटायर झालो की मीबी दारात बाक टाकतो अन् वॉर्डातून उभा राह्यतो," मी म्हणालो.

"भारी मानूस होता सर तो," मित्र म्हणाला.

आठवडाभरात त्याच्या दुकानापुढे सिमेंटचा बाक आला. वर चहाचा थर्मास. पुढच्या निवडणुकीत तो उभा राहिला आणि निवडूनही आला. माझं मत त्यालाच गेलं, याचा राग वेगळा.

सत्काराला उत्तर देताना तो म्हणाला, "अमेरिकेत एक आरामशीनवाला होता..." टाळ्या पडल्या. माझी गोष्ट, माझा माणूस, आणि याने त्याला लाकडं चिरायच्या आरामशीनवर बसवलं. सर कुठेच नाहीत. मी पहिल्या रांगेत बसून जळत होतो. घरी येताना बायको म्हणाली, "भाऊ किती छान बोलले." मी जेवलो नाही.

मग ठरवलं, सारं गाव भाऊ म्हणो, मी त्याला चारचौघांत शेठच म्हणणार. ते मी नेमाने पाळलं.

यंदा उन्हाळ्यात आमच्या गल्लीतला नळ आटला. बायकोने बाकावर पाठवलं. बसलेल्या लोकांमागे बसून राहिलो, आणि पाळी आली तेव्हा तोंडातून निघून गेलं, "भाऊ, आमच्याकडं पानी येऊन नाही राह्यलं."

लोक उठल्यावर तो शेजारी येऊन बसला. "सर, तुमी तरी मले शेठच म्हनत जा. आता गावात शेठ म्हननारं कोनी नाही उरलं. तुमच्या तोंडून आयकलं की बरं वाटते."

मी चिडून म्हणत होतो, ते त्याला गोड लागत होतं. डोळे भरले होते त्याचे. दुसरा कोणी विरघळला असता. मला एवढंच दिसलं की भाऊपण खिशात घालून याला आता शेठपणही परत हवंय, आणि ते देणं सगळ्या गावात एकट्या माझ्या हातात आहे.

"तेवढं पान्याचं पाहा, भाऊ," मी म्हणालो.