‘सापडत नाही’ असं लिहून देणारा माणूस

नगरपालिकेच्या तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये एकतीस वर्षं काढलेल्या या कारकुनाला सगळे ‘दोनमिनिटे’ म्हणत. कुठलाही जुना दावा, करार, वकिलाचं मत मागा. ‘दोन मिनिटं’ म्हणून आत जायचे आणि कागद घेऊनच बाहेर यायचे. घरी मात्र त्यांना स्वतःचा चष्मा सापडत नसे, आणि बायको त्यावरून रोज फिरकी घेई. त्यांचा सगळा जीव त्या एका लौकिकात होता. मी बातमीदार. तो लौकिक मातीत घालण्यात माझाही हात आहे.

पादचारी पूल पडून अकरा माणसं मेली. पूल बंद करा, असं पालिकेच्याच वकिलाने वर्षभर आधी लेखी कळवलं होतं, अशी कुणकुण मला लागली. मी माहिती अधिकारात त्या पत्राची प्रत मागितली. विधी अधिकाऱ्याने दोनमिनिट्यांना वर बोलावून ‘शोध घेतला, सापडत नाही’ असा दाखला पुढे सरकवला. ते गयावया करत म्हणाले, फाईल आहे, आत्ता आणतो. साहेबांनी नुसतं पेनाचं टोपण काढून दिलं. निवृत्तीला चार महिने उरले होते. त्यांनी सही केली. फाईल फाडायला मात्र त्यांचा हात धजला नाही, ती होती त्या कप्प्यातच राहिली.

दाखला हातात पडला आणि माझं डोकं फिरलं. त्यांचा फोटो छापून वर मथळा दिला, ‘कागद गिळणारा कारकून’. मथळ्यावर मी भलताच खूश होतो. त्यांची मुलगी शिकवायची त्या शाळेत कुणीतरी ते कात्रण फळ्यावर चिकटवलं. तिने आठवडाभर बापाशी बोलणं टाकलं.

मी अपील केलं. हुकूम झाला, कागद द्या, नाहीतर तो हरवणाऱ्यावर कारवाई करा. सही कुणाची होती ते उघडच होतं. दोनमिनिटे धावत साहेबांकडे गेले. साहेब शांतपणे म्हणाले,

“फाईल सापडली तर तुम्ही खोटे, नाही सापडली तर निष्काळजी. काय व्हायचंय ते तुम्हीच ठरवा.”

सुनावणीला ते फाईल छातीशी धरून आले. सही साहेबांनी करायला लावली, हेही त्यांनी सांगितलं. साहेबांनी हात झटकले, म्हणाले, मी तर कारकुनाच्या शब्दावर विसंबलो. खोटा दाखला दिला म्हणून दोनमिनिट्यांना बडतर्फ केलं. पत्र खरं निघालं. ‘लपवलेली फाईल अखेर बाहेर’ ही माझी बातमी पहिल्या पानावर झळकली. साहेबांची बदली झाली, तीही वरच्या खुर्चीवर.

सहा महिन्यांनी ते माझ्या ऑफिसात आले. शिव्या घालतील असं वाटलं होतं. त्यांनी माझ्या बातम्यांची कात्रणं तारखेप्रमाणे टेबलावर लावली आणि हे सगळं पहिल्यापासून सांगितलं. मग म्हणाले,

“नोकरी गेली ते असू द्या. पण फाईल मी लपवली नव्हती हो. जागेवरच होती. एवढी एक ओळ छापाल?”

ती ओळ छापली असती तर माझा मथळा खोटा पडला असता. मी “बघतो” म्हणालो आणि त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

पुढच्या वर्षी ते गेले. आमच्या पेपरात चार ओळींची निधनवार्ता आली, ‘पूल प्रकरणात फाईल लपवणारे माजी कर्मचारी’. त्या पानाचं प्रूफ मीच तपासलं होतं.